उत्तमचं इमान

२४ ऑक्टोबर १९३६, शनिवार. खंडेनवमी

लावलं! माझ्या हातानं लावलं. बोटाची लाली अजून गेली नाही, आणि मी ती धुणारही नाही.

सकाळी ओसरीवर वखर, तिफण, विळे, बाबांची गंजकी तलवार, सगळं मांडून पूजा झाली. ती अर्थात अन्नपूर्णानं केली — उत्तमची बायको, आमच्या घरातली एकुलती एक सवाशीण. मी आत. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून देऊळघाटच्या या घरात, माझ्या बापाच्या घरात, खंडेनवमीला मी आतच असते. सवय झाली आहे. सवय झाली असं म्हणायची तरी झाली आहे.

मग उत्तमची गोठ्यातून हाक आली. गोठ्यात बैल नाहीत, त्याचं विमान आहे. गावात त्याला कोणी विमान म्हणत नाही. इमान! "उत्तमचं इमान कुठवर आलं?" असं दोन वर्षं झाली विचारताहेत. विलायती मासिकातले नकाशे पाहून त्यानं ते बांधलं — त्यानं आणि निवृत्ती मिस्त्रीनं. निवृत्ती मलकापूरकडे कापसाच्या एका जिनात फिटर आहे. जिन बंद असलं की तो इथं. इंजिन एका जुन्या मोटारसायकलचं. पंखांचं कापड मी आणि अन्नपूर्णानं शिवलं. एका इंचात आठ टाके! एक टाका वाकडा गेला की माझा लाडका भाऊ अख्खी ओळ उसवायचा. बोटांची चाळण झाली. तेव्हा ते थोडं माझंही आहे.

तर उत्तम म्हणतो, याची पूजा अक्का करणार. मी म्हटलं, येड लागलं का तुले? बाबा पाहतील. गावात समजलं तर?

"अक्का, पंख शिवताना तुह्या हाताचा इटाळ नाई झाला, मंग कुंकवाचा काऊन होईन?"

नागपूरला कॉलेजात जाऊन आणि मुंबईला विमान चालवायचे बारा तास शिकून आलेला माणूस. आणि मी त्याची लहानपणी शेंबूड पुसणारी बहीण. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता.

अन्नपूर्णा तबक घेऊन उभी होती. मान तिचा. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं तबक माझ्या हातात दिलं. किती समजूतदार पोर आहे! दुसरी एखादी असती तर तिनं डोळ्यांनीच जाळलं असतं मला.

बोटाच्या टोकानं हळदकुंकू लावलं. पुढच्या पंख्याला, चाकांना, आत बसायच्या जागेला, आणि सगळ्यात वर टाकीच्या झाकणाला. ते त्याचं डोकं वाटलं मला. हात नुसता थरथरत होता. निवृत्ती टोपी काढून उभा होता, देवळात उभं राहावं तसा.

बाबांना सांगितलेलं नाही. उद्या दसरा. उद्या उडणार!

२५ ऑक्टोबर, रविवार. दसरा

जिवंत आहे! आधी हेच लिहिते. जिवंत आहे, हसतो आहे, आणि आता मागून मागून तिसरी पुरणपोळी खातो आहे.

दुपारी चारला सगळं गाव गायरानावर. बुलढाण्याहूनसुद्धा लोक आले होते. बाबांना हे खूळ दोन वर्षं आवडलं नाही, पण आज नवं पागोटं बांधून खाटेवर सगळ्यांत पुढे बसले होते. उत्तम म्हणाला होता, बाकीचे पायी सीमा ओलांडतात, मी वरून ओलांडतो. याआधी त्यानं नुसत्या उड्या मारल्या होत्या, टिटवीसारख्या. आज खरं.

निवृत्तीनं पंखा फिरवला. धूळ, आवाज, पोरं कानावर हात धरून ओरडताहेत. आणि उचललं की हो! बोरीच्या वर गेलं, मग देवळाच्या वर गेलं. मी रडत होते की हसत होते मला माहीत नाही. आम्ही शिवलेले पंख! एक टाकासुद्धा निसटला नाही.

पैनगंगेवर जाऊन तो वळला आणि आवाज बंद पडला.

एकदा फटफट केलं, आणि मग काहीच नाही. ते वर तसंच सरकत होतं, हळूहळू खाली येत होतं, आणि नदीपलीकडच्या झाडांमागे गेलं. दिसेनासं झालं. मग सगळेच धावले. मीही धावले. डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे गेला, कोणाला भान होतं?

नदीपलीकडे मूग काढलेलं आमचंच रान आहे, तिथं त्यानं ते नेमकं उतरवलं होतं. शेवटी चाक शेताच्या बांधावर, धुऱ्यावर आपटलं आणि डावा पंख मोडला. हा बहाद्दर धुऱ्यावर बसून धोतराची चिंधी पायाला बांधत होता. पंखाची तार तुटून डाव्या पोटरीत घुसली, वीतभर चिरलं आहे. रानात चण्यासाठी नुकतंच शेणखत पसरलं होतं, त्यातूनच लंगडत तो धुऱ्यापर्यंत आला होता. वर इंजिन थांबलं तेव्हा काय वाटलं, असं विचारलं तर म्हणतो, आधी वाटलं आपल्याच कानाला दडा बसला!

जीव भांड्यात पडला. घरी आणून जखम धुतली, हळद दाबून बांधली. बाबांनी त्याला दोन शिव्या दिल्या आणि मग सगळ्या गावासमोर पोटाशी धरलं. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर

आज सकाळपासून घरात एकच प्रश्न. इंजिन बंद काऊन पडलं?

उत्तम म्हणतो, टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. ठिणगी होती. तेल होतं. काहीच कळत नाही. बाबांना मात्र रात्रीतूनच कळलं आहे. मिस्त्रीनं काहीतरी ढिलं ठेवलं. उत्तम त्यांच्यावर चिडला — निवृत्ती ढिलं ठेवील तर सूर्य बुलढाण्याच्या घाटाखालून उगवेल, म्हणाला. निवृत्ती अंगणातच उभा होता. सगळं ऐकलं आणि मान खाली घालून विमानाकडे गेला.

मी उत्तमला म्हटलं, बुलढाण्याला जाऊन डॉक्टरला पाय दाखव. तर म्हणे, चीर आहे अक्का, तलवारीचा वार नाही. ऐकेल तर उत्तम कसला.

२८ ऑक्टोबर

दोन बैलगाड्यांवर विमान घरी आलं. डावा पंख सोडला तर काही बिघडलं नाही. उत्तमनं लंगडत लंगडत गोठ्यात जाऊन लगेच इंजिन सुरू करायला लावलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पहिल्याच फेऱ्यात सुरू! मग थोड्या वेळानं बंद. मग पुन्हा सुरू. पुन्हा बंद. असं तीनदा झालं.

मी पाणी घेऊन गेले तर दोघं टाकीजवळ उभे होते, एकदम गप्प झाले. काय सापडलं, मी विचारलं. उत्तम म्हणाला, "काई नाई, पेट्रोलात कचरा होता." आणि माझ्याकडे न पाहता पाणी प्यायला. पेट्रोल म्हणे तीन वेळा गाळून घेतात! मग कचरा आला कुठून? पण बायामाणसांना यातलं काय कळतं, म्हणून मी तबक विसळायला निघून आले.

२९ ऑक्टोबर. कोजागिरी

दूध आटवता आटवता उतू गेलं. उत्तमनं पातेल्याची खरवड चमच्यानं खरवडून खाल्ली. पाय बरा म्हणतो.

१ नोव्हेंबर

उत्तमला आज भाकरीचा घास घेता येईना. जबडा आवळल्यासारखा झाला आहे म्हणतो. मी म्हटलं, दोन वर्षं तुझं तोंड बंद नाही, आता दमलं असेल. अन्नपूर्णाही हसली.

२ नोव्हेंबर

बुलढाण्याहून डॉक्टर आले. पाय पाहिला. जबडा पाहिला. मग बाबांना बाहेर नेलं.

धनुर्वात.

खोलीत अंधार ठेवा म्हणाले, आवाज होऊ देऊ नका. थोडा जरी आवाज झाला तरी अंग कमानीसारखं वाकतं. भांड्याचा आवाज नको, दाराची कडी नको. आमच्या गल्लीतून जाणाऱ्यांनी न सांगता बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवल्या आहेत. अन्नपूर्णानं आपल्या बांगड्यांवर चिंध्या गुंडाळून बांधल्या आहेत, वाजू नयेत म्हणून. दोन्ही हात जखमी झाल्यासारखे दिसतात.

आणि काल मी चेष्टा केली.

४ नोव्हेंबर

आज त्यानं मला डोळ्यांनी जवळ बोलावलं. आवळलेल्या दातांतून एकेक शब्द काढत म्हणाला, "अक्का... तुहा काई... दोष नाई."

मला कळलं. डॉक्टरकडे ओढत नेलं नाही त्याबद्दल म्हणतो आहे. मी म्हटलं, आहे रे, माझाच आहे. त्यानं मान हलवायचा प्रयत्न केला आणि तेवढ्यानं पुन्हा झटका आला. मी पळून आले. पळून आले मी!

५ नोव्हेंबर

दुपारी. दीडच्या सुमारास.

१० नोव्हेंबर

पाच दिवसांनी वही उघडते आहे, कारण बोलायला कोणी नाही.

अन्नपूर्णा भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. त्या दिवशी बायका जमल्या तेव्हा चिंध्या तिनं स्वतःच सोडल्या आणि हात पुढे केला. बांगड्या मला फोडायला लावल्या. हे काम विधवेनंच करायचं असतं म्हणे. खंडेनवमीला माझा हात चालत नाही. याला चालतो!

बाबा ओसरीवर बसून दिवसभर एकच वाक्य म्हणतात. मिस्त्रीनं मारलं. येणारा जाणारा मान डोलावतो. इंजिन बंद पडलं नसतं तर तो खाली आला नसता, खाली आला नसता तर तार लागली नसती, तार लागली नसती तर धनुर्वात नसता. हिशेब अगदी सरळ आहे. आणि खरं सांगते, मलाही तोच पटतो. कोणाला तरी शिव्याशाप द्यावेसे वाटतात आणि निवृत्ती समोर असतो. परवा तो दारात येऊन उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही.

सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या सदऱ्याला अजून पेट्रोलचा वास येतो. मी तो धुवायला टाकत नाही.

१३ नोव्हेंबर

बाहेर फटाके. म्हणजे दिवाळी.

१६ नोव्हेंबर

आज भाऊबीज.

१८ नोव्हेंबर

काल तेरवी झाली. आज बाबांनी फौजदार बोलावला. बुलढाण्याहून घोड्यावर आला. बाबांनी जबानी दिली की मिस्त्रीनं नादुरुस्त इंजिन बसवलं, त्यापायी माझा पोर गेला. फौजदारानं निवृत्तीला विचारलं. आणि निवृत्ती म्हणतो कसा, "हाव साहेब. माह्याच हातून चुकलं असंन."

काय चुकलं? फौजदारानं दोनदा विचारलं. त्याला सांगता येईना. फौजदार म्हणाला, शनिवारी येतो, तुला बुलढाण्याला यावं लागेल. निवृत्ती बरं म्हणाला.

मी दाराआड उभी होते, आणि तिथंच मला खटकलं. एक स्क्रू कमी भरला तर सगळा गोठा चाळून काढणारा हा माणूस. आपली चूक काय, ते याला सांगता येऊ नये?

फौजदार गेल्यावर मी गोठ्यात गेले. तेरा दिवसांत पहिल्यांदा. पंख्यावर कुंकू वाळून तसंच होतं, चाकावर होतं, अक्षता खाली सांडलेल्या होत्या. सगळीकडे होतं. फक्त टाकीचं झाकण लख्ख. नुसतं पुसलेलं नाही, घासलेटनं घासून काढलेलं. मी पाहत उभी राहिले. एवढंच काऊन घासलं?

निवृत्ती आपले पाने-पक्कड न्यायला आला. मी दारात आडवी झाले. म्हटलं, झाकण कोणी घासलं? उत्तमभाऊनं, म्हणाला. कशाला? तो जायला वळला. म्हटलं, निवृत्ती, मी तुला तेरा दिवस पाणी विचारलं नाही, आता तू खरं सांगितल्याबिगर मी तुला इथून हलू द्यायची नाही.

खाली बसला. डोळ्यांतलं पाणी बाहीनं पुसत सांगू लागला. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याच्या जागी वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईच्या नाकाएवढं भोक ठेवलेलं होतं. त्या भोकावर हळदकुंकवाचा रुपयाएवढा जाड टिळा बसला होता, वर तांदळाचा दाणा चिकटलेला. हवा बंद. हवा बंद म्हणून पेट्रोल बंद. त्या दिवशी गोठ्यात झाकण उघडलं की इंजिन सुरू व्हायचं आणि लावलं की बंद पडायचं, तेव्हा दोघांना समजलं. उत्तमनं स्वतः ते घासून काढलं आणि निवृत्तीकडून वचन घेतलं, अक्काले सांगायचं नाई.

"म्या वचन देल्लं होतं, बाई. इमान पडलं, पण म्या इमान नाई सोडलं."

मी त्याला पाणी आणून दिलं. दुसरं काय करणार होते.

"अक्का, तुहा काई दोष नाई." तो हे म्हणत होता.

१९ नोव्हेंबर

एवढा जाड टिळा लावला मी? मी तर बोटाचं टोक टेकवलं होतं. पण हात थरथरत होता, ओलं जास्त लागलं असेल. आनंदात माणसाला कुठं समजतं.

माझ्या भावाला मी मारलं. लिहून पाहिलं. तसंच आहे.

सांगितलं तर काय होईल तेही ठाऊक आहे. भोकाचं कोण ऐकतो? लोक एवढंच ऐकतील की रांडमुंड बाईनं कुंकू लावलं आणि बाराव्या दिवशी भाऊ गेला. त्याला जे खोटं करून दाखवायचं होतं तेच खरं ठरेल, आणि तेही माझ्याच बोटानं. म्हणून तर तो गप्प बसला. उद्या कुठल्या घरी कुणी भाऊ आपल्या विधवा बहिणीच्या हातात तबक देणार असेल, तर त्याला म्हणतील, देऊळघाटच्या उत्तमचं काय झालं विसरला का?

आणि नाही सांगितलं तर निवृत्ती तुरुंगात. चोर सोडून संन्याशाला सुळी. त्यालाही बायको आहे, म्हातारी आई आहे.

उत्तमचाही राग येतो आज. स्वतः मरून गेला आणि मला ही दोन टोकं धरायला ठेवली. एवढा हुशार होता, तर झाकणावर नको लावू असं आधी नाही सांगता आलं?

२१ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

फौजदार आला. ओसरीवर बाबा, रंगरावकाका, गावातले पाचसहा जण. निवृत्ती कपड्यांचं गाठोडं घेऊनच आला होता. मी पदर घेऊन आतून बाहेर आले आणि सरळ म्हटलं, साहेब, याची चूक नाही, टाकीचं भोक माझ्या कुंकवानं बुजलं. सगळं सांगितलं. पूजा कोणी करायला लावली तेही सांगितलं.

रंगरावकाका — बाबांचे चुलतभाऊ, सगळ्यांच्या घरचं सगळं यांना ठाऊक — ते म्हणाले, बाईमाणसानं कुंकू लावलं म्हणजे... आणि पुढचं वाक्य गिळलं. पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते वाक्य होतंच. बाबांच्याही.

मला हेच पाहिजे होतं की नव्हतं, देव जाणे. मी आत जाऊन घासलेटचा न उघडलेला डबा आणला, खिळा आणि बत्ता आणला. खाली परात ठेवली. डब्याला एका कोपऱ्यात एकच भोक पाडलं आणि डबा कलता केला. डुबुक डुबुक, चार थेंब, बंद. मग दुसऱ्या कोपऱ्याला, वरच्या अंगाला दुसरं भोक पाडलं. धार लागली. हे तर घरोघर सगळ्यांना ठाऊक आहे. डब्याला दोन भोकं पाडायची हे शेंबडं पोरही सांगेल.

मी वरच्या भोकावर बोट ठेवलं. धार थांबली. काका म्हणाले, पाहा! मी म्हटलं, काका, आता तुमी ठेवा. तुमी तर पुरुष, पाच लेकरांचे बाप. ते मागेपुढे पाहू लागले. फौजदार म्हणाला, ठेवा हो. काकांनी अंगठा ठेवला. धार थांबली. अंगठा काढला, सुरू.

"काका, सवाशिणीनं ठेवला असता तरी थांबली असती. भोकाले विधवा-सवाशीण समजत नाई."

काका अंगठ्याचा वास घेत बसले. फौजदारानं स्वतः दोनदा करून पाहिलं. मग कागदावर अपघात असं लिहिलं, बाबांचा अंगठा घेतला आणि निवृत्तीला म्हणाला, जा तू.

मला वाटलं जिंकले. क्षणभर वाटलं, उत्तम, पाहिलंस का रे? मग बाबा उठले. घासलेट सांडलं होतं त्यावरून पाय सांभाळत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सोजरे, त्याले अक्कल नव्हती. तुले तर होती ना."

आणि आत गेले. डबा, भोक, धार, सगळं बाहेरच राहिलं.

२४ नोव्हेंबर

बाबा माझ्या हातचं जेवत नाहीत. शेजारची तानुबाई येऊन भाकरी टाकून जाते. नदीवर बायका मला पाहून घागरी उचलून बाजूला होतात. एकीनं तर माझी सावली पडू नये म्हणून पोराला ओढून घेतलं. उत्तम, हे तुझ्या विमानाहून अवघड आहे रे उडवायला.

निवृत्ती मलकापूरला परत गेला. जाताना माझ्या पाया पडला. मी मागे सरकले, म्हटलं, नको, मला सध्या कोणी शिवत नाही. तो म्हणाला, मी शिवीन, आणि पडलाच.

अन्नपूर्णा शनिवारपासून जेवली नाही. माझ्याशी एक शब्द बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते. ज्या बाईच्या हातात तिनं विश्वासानं तबक दिलं, तिनंच तिचं कुंकू पुसलं.

२६ नोव्हेंबर

अन्नपूर्णा बोलली. परसात मी भांडी घासत होते, तिथं येऊन समोर बसली.

"आक्काबाई, खंडेनवमीले तुमी घरात गेल्या, मंग म्या गोठ्यात गेली. मले लय भेव वाटलं. तुमचं सगळं पदरानं पुसून काढलं अन् माह्यं लावलं. झाकणावर लय लावलं. अंगठ्यानं दाबून, उडून जाऊ नये म्हून."

ती एकोणीस वर्षांची आहे. गावानं माझं ठरवून टाकलं आहेच, त्याला आता एक जास्त काय न् कमी काय. मी हातातली राख टाकली नाही. म्हटलं, येडी का तू? दसऱ्याच्या सकाळी मी परत जाऊन लावलं होतं. तुह्यावर. बुजलं ते माह्याच हातानं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हाव."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघी एकाच चुलीपुढे होतो. ती लाटत होती, मी भाजत होते. पोळ्या संपेपर्यंत दोघींपैकी कोणी उठलं नव्हतं.